विश्लेषण : वारली चित्र जगभर पोहोचले, पण चित्रकाराला गावात राहून त्यावर जगता येते का?

लग्नपत्रिका, कुर्ते, चहाचे कप, सरकारी कार्यालयांच्या भिंती, मोबाइलची कव्हरे… दोन त्रिकोणांचे धड आणि काडीसारखे हातपाय असलेली वारली चित्रातील पांढरी माणसे आता कुठेही भेटतात. महाराष्ट्राची ओळख म्हणून परदेशी पाहुण्यांना भेट द्यायची तर हमखास वारली चित्रच निवडले जाते. पण ज्या डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड परिसरातून ही चित्रे आली, तिथल्या तरुणाला ‘मी चित्रकार होणार आणि गावातच राहणार’ असे ठरवता येते का? काहींनी ते करून दाखवले आहे. ते कसे जमले, आणि सगळ्यांना का जमत नाही, याची उत्तरे कलेइतकीच कायद्यात, बाजारात आणि जमिनीच्या प्रश्नात आहेत.

मूळ चित्र कशासाठी काढले जात असे?

विकण्यासाठी तर नक्कीच नाही. वारली घरात लग्न ठरले की कुडाची भिंत शेणामातीने सारवून, गेरूने रंगवून तिच्यावर चौक लिहिला जातो. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे आणि बांबूच्या काडीचे टोक चावून त्याची कुंचली करायची, एवढीच सामग्री. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. ती सर्जनाची, सुफलतेची देवता. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. हा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा, आणि धवलेरीच्या गाण्याशिवाय विधी पुरा होत नाही. लग्न झाले की चित्राचे काम संपले. पुढच्या पावसाळ्यात ते पुसट झाले तरी कोणी हळहळत नसे.

म्हणजे मुळात या चित्राला मालक नव्हता, सही नव्हती, किंमत नव्हती आणि टिकण्याची गरजही नव्हती. कलाबाजाराला नेमक्या याच चार गोष्टी लागतात. वारली कलेची गेल्या पन्नास वर्षांची गोष्ट ही या चार गोष्टी हळूहळू कशा आल्या आणि येताना काय अडचणी घेऊन आल्या, याची आहे. (ही कला अमुक हजार वर्षे जुनी आहे असे आकडे समाजमाध्यमांवर आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर बिनधास्त फिरतात. भिंत दरवर्षी सारवली जाणाऱ्या कलेचे वय असे ठोकून सांगता येत नाही, आणि तिचे मोठेपण त्यावर अवलंबूनही नाही.)

भिंतीवरून कागदावर कशी आली?

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामाच्या निमित्ताने डहाणू परिसरात फिरत होते. त्याआधी बिहारमधील दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागद देऊन चित्रांतून उत्पन्न मिळवून देण्याच्या उपक्रमात ते होते. तोच प्रयोग त्यांनी इथे केला. सुरुवातीला कागद स्त्रियांना दिले गेले. पण या शोधात समोर आले ते जिव्या सोमा मशे.

१९३४ साली जन्मलेले मशे लहानपणी आई गेल्यावर बराच काळ बोलत नव्हते, जे सांगायचे ते मातीत रेघोट्या ओढून सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. रूढीप्रमाणे चौक लिहिणे हे बायकांचे काम. मशे यांनी चौक सोडून बाकीचे सगळे जग रंगवायला घेतले. माशांचे जाळे, मळणी, मुंग्यांचे वारूळ, तारप्याभोवती गोल फिरणारा नाच. देवीशिवाय, लग्नाशिवाय, निव्वळ चित्र म्हणून काढलेले चित्र असे रोज, सातत्याने काढणारे ते वारलींमधले पहिले मोठे चित्रकार.

१९७५मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले. १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचे काम होते. २००३मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या नामवंत ब्रिटिश कलावंताच्या बरोबरीने त्यांची चित्रे लागली. २००९मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी निधन होईपर्यंत त्यांचा पत्ता मात्र बदलला नाही : कलंबीपाडा, गंजाड, तालुका डहाणू.

पत्ता न बदलणे महत्त्वाचे का?

कारण त्याच काळात दुसऱ्या एका मोठ्या आदिवासी चित्रकाराचा पत्ता बदलला. मध्य प्रदेशातील पाटणगढचे जनगढसिंह श्याम यांना चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या चमूने शोधले आणि १९८२मध्ये सुरू झालेल्या भारत भवनाच्या निमित्ताने ते भोपाळला आले. गोंड परधानांची गाण्यांतली देवदेवता त्यांनी कागदावर आणली. मशे यांच्याबरोबर पॅरिसच्या त्याच प्रदर्शनात तेही होते. त्यांनी आपल्या नात्यातल्या अनेकांना भोपाळला बोलावून घेतले, शिकवले. आज ज्याला ‘जनगढ कलम’ म्हणतात ती शैली अशी शहरात वाढली. पुढे भज्जू श्याम (पद्मश्री २०१८), दुर्गाबाई व्याम (पद्मश्री २०२२) हे याच परंपरेतले. मराठी वाचकांना दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची ओळख ‘भीमायन’ या बाबासाहेब आंबेडकरांवरील २०११च्या चित्रपुस्तकामुळे असेल.

जनगढ यांचा शेवट मात्र अस्वस्थ करणारा आहे. २००१मध्ये जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढण्याच्या करारावर ते गेले होते. तिथेच त्यांनी आयुष्य संपवले. वय चाळिशीच्याही आत. त्यामागचे नेमके कारण एका वाक्यात सांगता येणार नाही. पण घरापासून हजारो मैल दूर एकट्याने ठरल्या मुदतीत चित्रे पुरवत राहण्याच्या कामाच्या पद्धतीवर त्यानंतर देशभर प्रश्न विचारले गेले.

वारली चित्रकारांना गावात राहणे शक्य झाले याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. पाटणगढ भोपाळपासून शेकडो किलोमीटर दूर. डहाणू मात्र पश्चिम रेल्वेच्या मुख्य मार्गावर. सकाळी चित्रांची गुंडाळी घेऊन निघालेला माणूस मुंबईत व्यवहार करून रात्री घरी परत येऊ शकतो. २०१३पासून तर लोकलही डहाणू रोडपर्यंत धावते. दुसरे कारण भातशेती. चार महिने शेत, उरलेले महिने चित्र आणि मजुरी, असे गणित अनेक घरांत आहे. महिनोन् महिने चित्र विकले गेले नाही तरी चूल पेटते ती शेतामुळे. ‘वारली’ हे नावच ‘वारल’ म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा या शब्दावरून आले असे मानले जाते. या कलेच्या अर्थकारणातही तो तुकडा अजून तितकाच महत्त्वाचा आहे.

नवी पिढी काय वेगळे करते आहे?

मशे यांच्या घरातच बाळू आणि सदाशिव या मुलांनी काम पुढे नेले. पण वेगळी वाट दिसते ती गंजाडच्याच आणखी काही जणांत. राजेश वांगड यांनी दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासह २०१३पासून एक मोठी मालिका केली. गिल यांनी गंजाड परिसराची कृष्णधवल छायाचित्रे काढायची आणि त्या छायाचित्रावर वांगड यांनी त्या जागेच्या आठवणी, गोष्टी, गेलेली झाडे, झालेल्या घटना बारीक रेषेत काढायच्या. समोर डोंगर दिसतो, पण त्यावर काय काय होते ते चित्रकार सांगतो. ही मालिका जगभरच्या प्रदर्शनांत गेली आणि दोघांची नावे बरोबरीने गेली, हे महत्त्वाचे. छायाचित्रकार ‘कलावंत’ आणि आदिवासी ‘सहायक कारागीर’ अशी विभागणी तिथे नव्हती.

तुषार आणि मयूर वायडा हे भाऊही गंजाडचेच. जपानमध्ये जाऊन काम करणे, चित्रपुस्तके करणे, मोठे कॅनव्हास रंगवणे आणि गावात परत येणे असा त्यांचा क्रम आहे. २०२१मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील आशिया-प्रशांत कला त्रैवार्षिकीत त्यांचे काम होते. विषय वारलींच्या सृष्टिनिर्मितीच्या कथेचा. कथा जुनी, पण मांडणी समकालीन कलादालनासाठी केलेली.

या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. गावात राहणे म्हणजे बाहेरच्या जगाशी संबंध तोडणे नव्हे. उलट ज्यांचा गॅलरी, प्रकाशक, क्युरेटर यांच्याशी थेट संपर्क आहे, ज्यांना इंग्रजीत ईमेल लिहिता येतो आणि करारातील अटी वाचता येतात, त्यांनाच गावात राहणे परवडते. बाकीच्यांना दलालावर विसंबावे लागते, किंवा गाव सोडून बोईसरच्या कारखान्यात जावे लागते.

पैसा नेमका येतो कुठून?

ढोबळमानाने तीन वाटा आहेत आणि त्यांच्यातील अंतर फार मोठे आहे.

सगळ्यात रुंद वाट वस्तूंची. उशांचे अभ्रे, ट्रे, किचेन, साड्या, कंदील. इथे नगावर पैसे मिळतात, चित्रकाराचे नाव कुठेही नसते आणि स्पर्धा थेट छापखान्याशी असते. स्क्रीन प्रिंटिंगने एका तासात जितके नग निघतात तितके हाताने महिनाभरात होत नाहीत. दुसरी वाट भिंतींची आणि कार्यशाळांची. हॉटेल, शाळा, सरकारी इमारती, रिसॉर्ट यांच्या भिंती चौरस फुटाच्या दराने रंगवायच्या, शहरातील मुलांना सुटीत शिकवायचे. यात रोख पैसा चांगला येतो, पण काम हंगामी. शिवाय शहरात वारली शिकवणारे बरेच जण वारली नसतात, हेही इथे सांगायला हवे. तिसरी वाट गॅलरी आणि संग्राहकांची. इथे चित्रावर सही असते, किंमत चित्रकाराच्या नावावर ठरते आणि ती वर्षागणिक वाढू शकते. करिअर म्हणावे असे जे काही आहे ते याच वाटेवर. आणि ही वाट सगळ्यात अरुंद आहे.

सरकारी मदतीत एक गमतीशीर विसंगती आहे. २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात मूर्तिकार आहेत, खेळणी करणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. चित्रकार नाहीत. लोकचित्रकाराला केंद्रीय हस्तकला आयुक्तालयाचे ओळखपत्र, मेळाव्यांतील गाळे, प्रदर्शने असा आधार मिळतो. थोडक्यात, व्यवस्था त्याला हस्तकला कारागीर मानते. ललित कला अकादमीचा ‘चित्रकार’ आणि हस्तकला खात्याचा ‘कारागीर’ यांच्यातील ही भिंत अजून मोडलेली नाही. त्याचा परिणाम थेट किमतीवर होतो. कारागिराला मजुरी मिळते, कलावंताला मानधन.

जीआय मानांकन असूनही नक्कल का थांबत नाही?

वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळाले. आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी पाठपुरावा केला होता. त्याआधी २०१०च्या दिवाळीत एका शीतपेयाच्या जाहिरात मोहिमेत वारली शैली वापरली गेली, तेव्हा आदिवासी तरुणांमधून आक्षेप घेतला गेला होता. आपल्या देवघरातली रेषा बाटलीवर छापली जाते आणि त्यात आपल्याला विचारलेही जात नाही, हा तो मुद्दा.

पण जीआय काय वाचवते हे नीट समजून घ्यायला हवे. १९९९च्या कायद्यानुसार जीआय हे नावाचे संरक्षण आहे. ठरलेल्या भागातील नोंदणीकृत वापरकर्त्यांशिवाय इतर कोणी ‘वारली पेंटिंग’ म्हणून माल विकला तर तो गुन्हा ठरू शकतो आणि त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद व ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र त्रिकोणी माणसे, तारपा नाच, गेरूची पार्श्वभूमी या आकारांवर जीआय कोणाची मालकी देत नाही. तेच आकार छापून ‘ट्रायबल प्रिंट’ किंवा ‘एथनिक मोटिफ’ असे नाव दिले की कायदा बराचसा बोथट होतो. शिवाय गुन्हा घडतो सुरत किंवा तिरुपूरच्या कापडावर, विक्री होते ॲपवर, आणि तक्रार करायची कोणी? डहाणूच्या पाड्यावरील चित्रकाराने वकील लावून? जीआयची नोंदणी होणे हा अर्धा रस्ता. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून प्रत्येक चित्रकाराची वेगळी नोंद, बाजारावर नजर आणि खटले चालवणारी संस्था हा उरलेला अर्धा. तो अजून बराच बाकी आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही फार आशादायक चित्र नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने मे २०२४मध्ये पारंपरिक ज्ञानाविषयी एक करार स्वीकारला. त्याचे स्वागत झाले, पण तो पेटंटपुरता आहे. गाणी, नक्षी, चित्रशैली अशा सांस्कृतिक अभिव्यक्ती त्याच्या कक्षेत येत नाहीत.

मग कॉपीराइट कायद्याचा उपयोग आहे का?

आहे, आणि तो बहुतेक चित्रकारांना माहीत नसतो. शैलीवर कॉपीराइट नसला तरी एखाद्या वारली चित्रकाराने स्वतः रचलेले चित्र हे त्याचे असते. त्यासाठी वेगळी नोंदणी सक्तीची नाही. चित्र विकले म्हणजे ते कॅलेंडरवर छापण्याचा हक्कही विकला असे होत नाही. तो हक्क लेखी करारानेच देता येतो. चित्राबरोबर आपले नाव जावे हा हक्क तर कलम ५७नुसार कॉपीराइट विकल्यानंतरही शिल्लक राहतो. आणि कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे वारसांकडे असतो.

त्याहून मोलाचे पण जवळजवळ विसरले गेलेले कलम म्हणजे ५३-अ. मूळ चित्र दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीतील वाटा चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना मिळावा असे ते सांगते. वाटा किती हे ठरवायचे, पण तो दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. कागदावर ही तरतूद उत्तम. प्रत्यक्षात पुनर्विक्री कुठे झाली हे कलावंताला कळवण्याची बळकट यंत्रणा नाही, गोळा करून वाटणारी संस्था उभी नाही, आणि वाटा ठरवणारे अपिलीय मंडळ २०२१मध्ये रद्द होऊन ते काम न्यायालयांकडे गेले. दोन-तीन हजार रुपयांच्या हक्कासाठी कोण न्यायालयात जाणार?

हा प्रश्न काल्पनिक नाही. जनगढसिंह श्याम यांचे एक चित्र २०१०मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३१ हजार डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. तेव्हा त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. अशी विक्री परदेशात झाली की भारतीय कलमाचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही.

इतरत्र काय मार्ग काढला गेला?

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण तिथेही सुरुवात १९७०च्या दशकातच झाली. मध्य वाळवंटातील पपुन्या या वस्तीत १९७१मध्ये आदिवासी पुरुषांनी विधींतील आकृत्या फळ्यांवर रंगवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी ‘पपुन्या तुला’ ही कंपनी उभी राहिली आणि तिचे मालक चित्रकारच होते. आपल्याकडे त्याच सुमारास सरकारी अधिकारी कागद घेऊन पाड्यावर आला, तिथे कलावंतांची स्वतःची संस्था झाली. पुढच्या पन्नास वर्षांतील बराच फरक या एका गोष्टीत आहे. आज तिथे दुर्गम वस्त्यांत समाजाच्या मालकीची अनेक कला केंद्रे आहेत. रंग आणि कॅनव्हास पुरवणे, चित्राची नोंद ठेवणे, प्रमाणपत्र देणे, विक्री करून पैसे हातात देणे ही कामे ती करतात. चित्रकाराला त्यासाठी सिडनीला जावे लागत नाही.

तिथेही हे सरळ घडले नाही. क्लिफर्ड पॉसम जापालजारी यांचे ‘वारलुगुलोंग’ हे चित्र १९७७मध्ये १,२०० ऑस्ट्रेलियन डॉलरला विकले गेले होते. २००७मध्ये त्याची लिलावात किंमत आली २४ लाख डॉलर. चित्रकार २००२मध्येच वारले होते आणि वारसांना त्या रकमेतले काहीही मिळण्याची तरतूद नव्हती. आल्बर्ट नामाजिरा या त्याआधीच्या पिढीतील चित्रकाराच्या चित्रांचा कॉपीराइट तर सरकारी विश्वस्ताने १९८३मध्ये अवघ्या ८,५०० डॉलरला एका प्रकाशकाला विकून टाकला होता. तो कुटुंबाच्या विश्वस्त संस्थेकडे परत यायला २०१७ उजाडले. अशा प्रकरणांतून दबाव वाढला आणि पुनर्विक्रीचा कायदा झाला. जून २०१०पासून एक हजार डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या पुनर्विक्रीवर पाच टक्के रक्कम कलावंताला मिळते. मिळणाऱ्यांत निम्म्याहून अधिक आदिवासी कलावंत आहेत.

बनावट माल मात्र तिथेही आहे. तिथल्या उत्पादकता आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार आदिवासी शैलीच्या स्मृतिवस्तूंवर होणाऱ्या खर्चातील निम्म्याहून अधिक पैसा आदिवासींनी न केलेल्या वस्तूंवर जातो. म्हणजे चांगला कायदा आणि संस्था असूनही बाजार आपोआप सुधारत नाही.

या सगळ्यात स्त्रिया कुठे आहेत?

जिची ही कला होती ती सवाशीण करिअरच्या नकाशावर जवळपास दिसत नाही. कागद आला, बाजार आला, मुंबईच्या फेऱ्या आल्या आणि काडी पुरुषांच्या हातात गेली. प्रसिद्धी पावलेली वारली नावे आठवून पाहिली तरी हे लक्षात येते. शेजारच्या मध्य प्रदेशात भिल्ल चित्रकार भूरीबाई यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. त्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या आणि स्वामिनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितले. वारली स्त्रीच्या वाट्याला असा सन्मान यायचा आहे. अनेक घरांत आजही पार्श्वभूमी सारवणे, बारीक भरणी, पाने-झाडे यांचे काम बायका करतात आणि सही घरातल्या पुरुषाची असते. हा प्रश्न बाहेरच्या दलालाचा नाही, घरातला आहे, म्हणून त्यावर बोलले कमी जाते.

आणि जमीनच बदलली तर?

वारलींचा अलीकडचा इतिहास जमिनीभोवती फिरतो. १९४५मध्ये वेठबिगारी आणि सावकारीविरुद्ध तलासरी-उंबरगाव भागात उभा राहिलेला वारल्यांचा लढा मराठी वाचकांना गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे परिचित आहे. आज दबाव वेगळा आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि वाढवण बंदर हे तिन्ही प्रकल्प पालघर जिल्ह्यात आहेत. डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित असूनही तेथील पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी बंदराला अटींसह हिरवा कंदील दाखवला. सुमारे ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झाले. बंदर प्रामुख्याने समुद्रात भराव टाकून उभे राहणार, असे प्रशासन सांगते. पण बंदराला जोडणारे रस्ते आणि लोहमार्ग जमिनीवरूनच जाणार. मच्छीमार आणि आदिवासी संघटनांचा विरोध त्यामुळेच कायम आहे.

रोजगाराचा मुद्दा खोटा नाही. चित्रावर जगू शकणारी घरे मोजकी, आणि पाड्यावरील प्रत्येक मुलाने काडी हातात धरावी अशी अपेक्षा ठेवणे हा शहरी रोमँटिकपणा झाला. पण चित्रातील जग समोरच्या जगातून येते. शेत, माळ, महू, ताडाची झाडे, वाघोबाचे ठाणे हे चित्रकाराने पुस्तकात पाहिलेले नसते. घरकुल योजनेतून पक्क्या भिंती आल्या. ते चांगलेच झाले. चौक आता सिमेंटवरही लिहिला जातो. पाड्याभोवतीची जमीन तुकड्या-तुकड्याने गेली, तर मात्र अशी तडजोड नाही. पेसा आणि वनहक्क कायद्यांनी ग्रामसभेला दिलेले अधिकार इथे कळीचे ठरतात, आणि म्हणूनच भूसंपादनाच्या बैठकीत बसलेला वारली चित्रकार हे दृश्य वाटते तितके विषयाबाहेरचे नाही.

वाढवण बंदराचा पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस सुरू करण्याचे नियोजन आहे. आज डहाणूच्या आश्रमशाळांत असलेली मुले तेव्हा कामाच्या वयाला आलेली असतील. बंदरातील नोकरी, मुंबईची लोकल किंवा चित्र असे पर्याय त्यांच्यासमोर असतील. त्यातील चित्राचा पर्याय आजवर ज्या घरांना परवडला, त्या बहुतेक घरांत पावसाळ्यात भाताची लावणी होत आली आहे.